विषय : चौथ्यांदा दाबल्यावर लागणारा लाल दिवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला पाचवा फोन सत्ताविसाव्या मिनिटाला कट झाला. मी केला नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या हेडटॉर्चचं बटण कसं चालतं हे मी सांगायला नको, बनवलंय तुम्हीच. एकदा दाबलं की पूर्ण पांढरा, दुसऱ्यांदा मध्यम पांढरा, तिसऱ्यांदा लपलपणारा पांढरा आणि चौथ्यांदा लाल. म्हणजे लाल उजेड हवा असेल तर आधी तीनदा पांढरा पाडल्याशिवाय सुटका नाही. खोक्यावर मात्र लाल उजेडात समुद्राकडे निघालेल्या कासवाच्या पिल्लाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘रात्रीच्या वन्यजीव निरीक्षणासाठी खास’. ते चित्र काढणारा आणि हे बटण बसवणारा एकमेकांना कधी भेटलेत का, एवढं कळवा.

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी. वर्षभर तारखा जुळवून तीन रात्री समुद्रकाठी तंबूत राहायला गेलो, ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघताना बघायला. टॉर्च चार घेतल्या, चारही तुमच्या.

पहिल्याच रात्री एका घरट्यावरची वाळू मधोमध खचलेली होती. पिल्लं वर सरकत असल्याची ती खूण, असं घरट्यांची राखण करणाऱ्या काकांनी सांगितलं. वाळू निवली की काळोखात ती बाहेर पडतात. आम्ही अर्धा तास गप्प बसलो. डोळे काळोखाला सरावायला तेवढा वेळ लागतोच, मग लाटेच्या फेसाची कडसुद्धा दिसायला लागते. पहिलं डोकं वर आलं, मग वाळू उकळल्यासारखी हलायला लागली. काका हळूच म्हणाले, “लाल असेल तर लावा, मोजायचीत.” मी मोठ्या दिमाखात कपाळावरचं बटण दाबलं.

अख्खा किनारा उजळला. घाबरून दुसऱ्यांदा दाबलं, तरी पांढराच. तिसऱ्यांदा तर पोलिसांच्या गाडीसारखी लपलप. काकांनी माझ्या कपाळावर तळहात दाबून धरला आणि त्यांच्या बोटांमधून एकदाचा तुमचा तो लाल दिवा दिसला. मी तो लगेच बंद केला.

अंड्यातून निघालेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे जातं. रात्री मागच्या झाडीपेक्षा पाणी उजळ दिसतं, त्याचा सगळा नकाशा एवढाच. नऊ पिल्लं समुद्राकडे पाठ करून माझ्याकडे यायला लागली. बोटाच्या दोन पेरांएवढी, काळपट करडी, वल्ह्यांनी वाळू मागे लोटत. एक माझ्या बुटावर चढलं आणि लेसमध्ये त्याचं पुढचं वल्हं अडकलं. पाय हलवायची सोय नाही, आणि उजेड करायचा तर पुन्हा तीनदा पांढरा! काकांनी अंधारात चाचपून ते सोडवलं. पोटात बलकाची जी थोडी शिदोरी घेऊन ही पिल्लं निघतात, ती खोल पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी असते. त्यातली काही त्या पिल्लाने माझ्या बुटावर घालवली.

काका मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या रात्री फक्त म्हणाले, “टॉर्च तंबूतच राहू द्या.”

आता तुमच्या ग्राहक सेवेबद्दल. पहिले दोन फोन ‘तक्रार नोंदवली आहे’वर संपले, चौथा लागलाच नाही. तिसरा मात्र मी जन्मात विसरणार नाही.

“मॅडम, टॉर्च चालू होते ना?”
“होते.”
“लाल लाईट लागतो ना?”
“लागतो. चौथ्यांदा.”
“मग प्रॉब्लेम काय आहे?”

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. घरटं, पिल्लं, बूट, लेस. पलीकडे शांतता. मला वाटलं, चला, कुणीतरी ऐकतंय.

“मॅडम, कासव तुमचं आहे का?”
“माझं कसं असेल?”
“नाही, म्हणजे पेट असेल तर त्याला झालेली इजा वॉरंटीत येत नाही.”

मी म्हटलं, वॉरंटी मरू दे, बटणाचं बोला. त्यावर चौदा मिनिटं संगीत ऐकवलं. मग वरिष्ठांना विचारून आलेला सल्ला असा : “बटण दाबताना तुम्ही कासवाकडे पाठ करत जा.” कपाळावर बांधायची टॉर्च, व्यवस्थापक साहेब! पाठ केली तर बघायचं कशाने? दहा मिनिटांत मेसेज आला : ‘तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया रेटिंग द्या.’ दिलं. शून्य देता येत नाही, म्हणून एक.

मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण ‘कासव तुमचं आहे का’ हे वाक्य अजून कानातून जात नाही.

बाकी किरकोळ. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. आमची एकही बुडाली नाही, नुसत्या खाऱ्या वाऱ्याने तिसऱ्या दिवशी दोन पट्ट्यांची बक्कलं गंजली. शिवाय बटणाला लॉक नाही, त्यामुळे एक टॉर्च पिशवीतच दाबली जाऊन दिवसभर पेटून संपली. पांढऱ्यावरच, अर्थात.

वाईट याचं वाटतं की तुमची दहा वर्षांपूर्वीची टॉर्च माझ्याकडे अजून आहे. तिला सरकवायचं बटण आहे : डावीकडे लाल, उजवीकडे पांढरा, मध्ये बंद. आंधळ्यालाही कळावं असं. ते कुणाला खुपलं आणि का काढलं? त्या जुन्या टॉर्चमुळेच मी तिघांना तुमचंच नाव सुचवलं होतं. आता ते तिघं प्रत्येक खरेदीच्या वेळी मला ऐकवतात.

चारही टॉर्चचे पूर्ण पैसे परत हवेत, आणि उरलेल्या खोक्यांवरचं ते पिल्लू काढून टाका. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगात जाईन, आणि खोकं व टॉर्च दोन्ही तिथे टेबलावर मागवून बटण चार वेळा दाबून दाखवीन. बदली टॉर्च पाठवू नका. तिलाही तेच बटण असणार.

तुमची आजवरची ग्राहक

ता. क. टॉर्च सोबत परत पाठवत आहे. एकीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे तीन थर चिकटपट्टीने लावलेले आहेत. ते मित्राचं काम, तिसऱ्या रात्री काकांनी तपासून चालेल म्हटलेलं. कृपया काढू नका. चार टॉर्चमध्ये तेवढी एकच खोक्यावर लिहिल्याप्रमाणे चालते.