दिवा आला आणि पाळी लांबली

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला रटाळ कामातून सोडवणार, असा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, ११ वर्षे काढली. १९८२ च्या संपानंतर गिरणीची पायरी पुन्हा चढलो नाही. म्हणून लिहितो.

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा अंधार पडला की सुटणारी पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. १९०५ साली कामगार त्याविरुद्ध उठले. कायद्याने १२ तासांची हद्द घालायला १९११ उजाडले. १९२८ च्या संपाच्या मुळाशीही दोनऐवजी तीन साचे (माग) सांभाळा, हाच तगादा होता. माझे आजोबा त्या सहा महिन्यांत राजापूरला गावी जाऊन भातशेती करत होते.

आता नातीचे ऐका. ती ऐरोलीच्या एका ऑफिसात विम्याच्या दाव्यांना उत्तरे लिहिते. आधी दिवसाला ४० पत्रे व्हायची. आता मसुदा मशीन करते, हिने नुसता तपासायचा, तर आकडा १३० वर गेला. चूक निघाली तर ती हिच्या नावावर. एका पत्राला किती सेकंद घेतले, तेही मशीनच मोजते. "आजोबा, लिहीत होते तेव्हा डोकं तरी चालायचं," म्हणाली. आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, खडूस होता, पण मधूनमधून बिडी ओढायला तरी जायचा.

लाल बावट्याच्या अभ्यासवर्गात 'भांडवल'मधला एक उतारा ऐकला होता. मार्क्सने तिथे ॲरिस्टॉटलचा दाखला दिला आहे: धोटा (मागावर आडवा धागा नेतो तो) आपोआप विणू लागला, तर धन्याला गुलाम लागणार नाहीत. आम्ही धोट्याचेच लोक, त्यामुळे ते डोक्यात बसले. धोटा आपोआप धावू लागलाच होता की! त्याच्यामागे आम्ही धावत होतो. मार्क्सचे भांडण यंत्राशी नाही. पोटासाठी करावे लागणारे काम संपते तिथे खरे स्वातंत्र्य सुरू होते आणि कामाचा दिवस लहान होणे ही त्याची पहिली अट, असे तो तिसऱ्या खंडात म्हणतो. मशीन किती हुशार, यावर आपल्या लेखकाने दोन रकाने खर्च केले. ९० जादा पत्रांचा वेळ कुणाच्या पदरात पडला, यावर एक ओळ नाही.

तिकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास वाढणार नाहीत म्हणतात. असेल. पण १२ हा आकडा १९११ चा आहे.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. नात रविवारी टाइप करून देणार होती. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली झगडून मिळवलेला तो रविवार. पण सकाळीच तिला लॉगिन करायला सांगितले. आज बुधवार, रात्रीचे साडेदहा झालेत, आत्ता कुठे बसली आहे.

— एक निवृत्त गिरणी कामगार, करी रोड, मुंबई