पायी फिरण्याचा दिवस कार्यक्रमपत्रिकेत हवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

युरोपच्या सामूहिक सहलींत कोपनहेगनच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो आणि तोही बसच्या खिडकीतून शहर पाहण्यात जातो. गेल्या जूनमध्ये आम्ही ज्या सहलीला गेलो, तिच्या कार्यक्रमपत्रिकेतही तसेच छापलेले होते. प्रत्यक्षात मात्र बसचालकाच्या सक्तीच्या विश्रांतीमुळे आमच्या एकतीस जणांच्या गटाला, ज्यात निम्म्याहून अधिक जण साठी ओलांडलेले होते, संपूर्ण दिवस पायी फिरावे लागले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाने पाऊण तास थांबणे बंधनकारक असते, तशीच त्याला साप्ताहिक सुट्टीही द्यावीच लागते. नियम योग्यच आहे. पण ही सुट्टी सहल आखतानाच ठाऊक असणार, आणि आम्हाला ती आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कळली. साहजिकच बरीच कुरकुर झाली.

सकाळी नऊ वाजता आम्ही नगरभवनाच्या चौकातून निघालो. तेथून सुरू होणारा, एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा ‘स्ट्रॉयेट’ हा बाजाररस्ता १९६२ साली मोटारींना बंद करण्यात आला, तेव्हा गाड्या गेल्या तर गिऱ्हाईकही जाईल या भीतीने दुकानदारांनी त्याला विरोध केला होता. आज त्या रस्त्यावर चालणाऱ्यांची गर्दी एवढी असते, की एकतीस जणांचा गट एकत्र ठेवताना आमच्या सहल व्यवस्थापकाची दमछाक झाली. पुढे आम्ही ‘रुंडेटॉर्न’ या गोल मनोऱ्यावर गेलो. चौथ्या क्रिश्चन राजाने वेधशाळेसाठी बांधवून घेतलेला हा मनोरा १६४२ साली पूर्ण झाला. अगदी वरच्या टोकाच्या काही पायऱ्या सोडल्या, तर त्याच्या आत जिना नाही. मधल्या पोकळ गाभ्याभोवती साडेसात वेढे घेत वर जाणारी विटांची रुंद, चढती वाट आहे, आणि रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट १७१६ साली याच वाटेने घोड्यावरून वर गेला होता. ‘आम्ही खालीच बसतो’ असे आधीच सांगून टाकलेल्या आमच्या गटातील दोन भगिनी, ज्यांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, थांबत थांबत वर आल्या. शेवटच्या अरुंद पायऱ्या त्यांनी टाळल्या, एवढेच.

साडेअकरा वाजता रोसनबॉर्ग राजवाड्याशेजारच्या बराकीतून राजरक्षकांची तुकडी निघते आणि भर शहरातून चालत बाराच्या सुमारास अमालिएनबॉर्ग या राजनिवासापाशी पोहोचते. बसने येणारे प्रवासी फक्त तेथील पहारा बदलण्याचा सोहळा पाहतात. आम्ही तुकडीच्या मागोमाग सारी वाट चाललो. येथे एक कबुली द्यायला हवी. पदपथ आणि मोटारींचा रस्ता यांच्यामध्ये सायकलींची स्वतंत्र मार्गिका असते, आणि छायाचित्रे काढण्याच्या नादात आमची मंडळी वारंवार तिच्यातच उभी राहत होती. घंट्यांचा भडिमार झाला, तो योग्यच होता. ही सूचना विमानतळावर उतरल्याबरोबर द्यायला हवी.

दुपारी आम्ही जलपरीच्या पुतळ्याकडे गेलो. १९१३ साली बसवलेला हा पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंच आहे आणि बसमधून उतरून पाच मिनिटांत परतणाऱ्यांचा त्याने हमखास विरस होतो. परंतु त्याच्या अगदी जवळच कास्टेलेट हा तारेच्या आकाराचा जुना किल्ला आहे. त्याच्या गवताळ तटबंदीवरून फेरी मारता येते आणि वर १८४७ सालची पवनचक्कीही उभी आहे. आमच्या छापील कार्यक्रमात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

दिवसभरात सुमारे नऊ किलोमीटर चालणे झाले. ते सर्वांना झेपले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दगडी फरसबंदीवर चपला-सँडल घालून आलेल्यांचे हाल झाले, आणि चार जण दुपारीच मार्मोरकिर्केन स्थानकावरून मेट्रोने नगरभवनाच्या चौकात परतले. ही सोय आहे हे व्यवस्थापकाला ऐनवेळी स्थानिक मार्गदर्शक बाईंकडून समजले.

म्हणून सहल आयोजकांना माझी विनंती आहे, की अशा शहरांत पायी फिरण्याचा दिवस नाइलाज म्हणून न ठेवता मुद्दाम आखावा. किती किलोमीटर चालायचे, फरसबंदी कशी आहे, स्वच्छतागृहे आणि बाक कोठे आहेत, दमलेल्यांनी कोणत्या स्थानकावरून परतावे, हे पैसे भरण्यापूर्वी प्रवाशाच्या हाती द्यावे. आणि ‘शहरदर्शन’ या एका मोघम शब्दाखाली सारे झाकून ठेवू नये. सहलीच्या अखेरीस भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकात हॉटेल, जेवण आणि बस यांसाठी रकाने होते, पायी फिरण्यासाठी एकही नव्हता. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी कोपनहेगनच्या दिवसाविषयी समासात लिहिले.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे