शिक्षण परिषदेत एक तास वर्गातला ठेवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी जत तालुक्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळीनंतर हातच्याची वजाबाकी तीन आठवडे घेतली तरी बऱ्याच पोरांची चुकायचीच, आणि मी आपली फळ्यावर परत परत तेच. शेवटी शेजारच्या वाडीवरच्या मॅडमना बोलावलं, म्हटलं मागं बसा, मला नका बघू, नुसत्या पोरांच्या वह्या बघा. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, ती खिडकीजवळची पोरगी ५२ मधून ३८ वजा करून २६ लिहितीय, आणि तशी अजून चार जणं आहेत. म्हणजे दोनातून आठ जात नाहीत म्हणून पोरं सरळ आठातून दोन काढत होती! मी इतके दिवस हातचा विसरता म्हणून त्यांना रागावत होते, याचं फार वाईट वाटलं.

मग दोघींनी बसून तास नव्यानं ठरवला. कडब्याच्या काडक्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आठ मागितल्या तर पोरं क्षणभर थांबली आणि आपणहून एक गठ्ठा सोडला, मला काही सांगावंच लागलं नाही (आमच्याकडं बऱ्याच घरात कन्नड बोलतात, फळ्यावरचं बोलणं त्या लेकरांना आधीच अर्धं कळतं, काडक्या मात्र लगेच कळल्या). चार दिवसांनी हाच तास त्यांच्या शाळेत झाला, तिथं मी मागं बसले. दोन्हीकडं सोबतच्या सरांनी बाकीचे वर्ग सांभाळले म्हणून जमलं.

जपानमध्ये शिक्षक असं मिळून तास आखणं, बघणं, दुरुस्त करणं शंभरहून जास्त वर्षं करतायत. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद तर आपल्याकडं आहेच, पण तिथं बराचसा वेळ यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), आधार आणि पोषण आहाराच्या माहितीतच जातो, ती तर व्हॉट्सॲपवरही देता येते.

म्हणून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी साहेबांना विनंती, परिषदेचा पहिला तास यजमान शाळेतल्या एका वर्गात होऊ द्या. फक्त त्यावर शेरा, गुण, फोटो, अहवाल काही नको, नाहीतर मागं कोणी बसलं की तपासणी आली असंच वाटतं आणि शिक्षक पाठ केलेला तास करून दाखवतो.

पुढची परिषद आमच्याच शाळेत आहे. त्या दिवशी तिसरीची पोरं थोडी उशिरा सोडेन म्हणून पालकांशी बोलून ठेवलंय.

— एक प्राथमिक शिक्षिका, ता. जत, जि. सांगली