सव्वाशे फोल्डर आणि एक ‘कॉल’

माननीय संपादक,

पुनर्विकासाच्या निमित्ताने मुंबईतल्या जुन्या गृहनिर्माण सोसायट्या सभासदांची कागदपत्रे स्कॅन करून घेत आहेत. रचना बहुधा ठरलेली: प्रत्येक सदनिकेचा एक फोल्डर, आत शेअर सर्टिफिकेट, करारनामा, नॉमिनेशन. मग प्रत्येक फोल्डरमध्ये शिरून पानांची पीडीएफ बांधणारा प्रोग्राम चालवायचा. सव्वाशे सदनिका असल्या की यासाठी एक माणूस बसवतात, नाहीतर चक्क नवे सॉफ्टवेअर घेतात. विंडोजमध्ये याला पाच ओळींची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची साधी मजकूर फाइल) पुरते: एकेक फोल्डर घेणारी ‘फॉर /डी’ची फेरी, ‘पुशडी’ने फोल्डरात शिरणे, प्रोग्राम, ‘पॉपडी’ने बाहेर येणे आणि शेवटचा कंस. (आज्ञा टाइप करायच्या त्या अर्थात रोमन अक्षरांत.)

अडते ते बारीक जागी. फेरीत फोल्डरच्या नावाच्या जागी घेतलेल्या अक्षराआधी कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा थेट टाइप करायच्या खिडकीत) एक टक्केचिन्ह लागते, बॅच फाइलमध्ये दोन. ‘बी विंग ४०३’ अशा नावात मोकळी जागा असते, म्हणून नाव दुहेरी अवतरणात हवे. चालवायची गोष्ट स्वतःच बॅच फाइल असेल, तर तिच्याआधी ‘कॉल’ (ती चालवून परत येण्याची आज्ञा) लिहायलाच हवे. ते राहिले की ती फाइल संपताच सगळेच थांबते: पहिल्या फोल्डरची पीडीएफ तयार, उरलेले तसेच आणि पडद्यावर चुकीचा एक शब्द नाही. या गप्पपणामुळेच ही चूक सर्वांत महाग पडते. चालवायची ती बॅच फाइल वरच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल तर आत शिरल्यावर सापडत नाही. तिचा पूर्ण पत्ता द्यावा.

त्याहून धोक्याचे म्हणजे परवानगी नसलेला फोल्डर. तिथे ‘पुशडी’ फसते, पण पुढची ओळ चालतेच, आणि तीही बाहेरच्या फोल्डरवर. प्रोग्राम जुन्या फाइल पुसणारा किंवा त्यांच्यावरच लिहिणारा असेल (चित्रे बदलणाऱ्या इमेजमॅजिक सॉफ्टवेअरचा ‘मॉग्रिफाय’ मूळ चित्रावरच लिहितो) तर भरपाई नाही. म्हणून ‘पुशडी’नंतर दोन ‘अँड’ चिन्हे (&&) टाकून पुढचे काम त्याच्याशी बांधावे, म्हणजे शिरता आले तरच ते चालेल, आणि पहिली फेरी प्रोग्रामच्या जागी ‘इको’ ही आज्ञा घालून नुसती नावे पडद्यावर छापून बघावी.

‘/डी’ एकच पातळी पाहते. विंगच्या आत मजला, मजल्याच्या आत सदनिका असेल तर आतल्या सगळ्या पातळ्यांत शिरणारे ‘/आर’ही जोडावे, मात्र मग विंग आणि मजल्याचे फोल्डरही यादीत येतात, ते वगळावे लागतात.

सोसायटीच्या समित्यांनी ठेकेदाराकडून पेन ड्राइव्हसोबत ही बॅच फाइल आणि न जमलेल्या फोल्डरांची यादीही मागावी. यादी रिकामी असली तरी यादीची फाइल हवी, आणि बिलावर सही करण्याआधी एकूण पीडीएफ नव्हे, तर फोल्डरनिहाय पीडीएफ मोजाव्यात.

– एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई