टुकार कुठला आणि उगाच डोक्यावर घेतलेला कुठला

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी पुरवणीत तुम्ही वाचकांकडनं सगळ्यात टुकार आणि उगाच डोक्यावर घेतलेल्या पिक्चरची नावं मागवून छापलीत, त्यात टुकारमध्ये पहिला नंबर 'माहेरची साडी' आणि डोक्यावर घेतलेल्यात 'शोले' बघून माझा चहा जाग्यावर गार झाला. मी इथल्याच एका थेटरात सव्वीस वर्षं ऑपरेटर, म्हणजे पिक्चरचं मशीन चालवणारा, होतो, थेटर आता बंद आहे, नाव कशाला सांगू. आम्ही पिक्चर दिवसाला चार वेळा बघायचो आणि ते पण बूथच्या भोकातनं, त्यामुळं पडद्यापेक्षा पब्लिकच जास्त दिसायचं.

'माहेरची साडी' १९९१ चा. मला आवडला होता का म्हणाल तर अजिबात नाही, दुसऱ्या आठवड्यापासनं रडारडीचं रीळ चढलं की मी बूथमधल्या स्पीकरचा आवाज बारीक करून पेपर वाचत बसायचो. पण खाली बघावं तर बायका पदर तोंडात धरून बसलेल्या, कागलकडनं, राधानगरीकडनं टेम्पो करून आलेल्या, कोणी भाकरीचं गठुडं पण बरोबर आणलेलं. एक म्हातारी मॅटिनी सुटली तरी उठंना. डोअरकीपर म्हणाला, आज्जी चला, पुढचा शो लावायचाय. तर म्हणते, "बसू दे की रं बाळा, घरात रडाय बी जागा न्हाई." त्यानं कोपऱ्यात बसवलं तिला. मालकाला कळलं असतं तर त्याच्या पगारातनं तिकिटाचे पैसे गेले असते.

आता मला सांगा, टुकार कशाला म्हणायचं? आमच्याकडं टुकार पिक्चर ओळखायची एकच खूण होती, इंटरवलला सायकल स्टँडवर गर्दी. पब्लिक चहा प्यायला न जाता थेट सायकल काढायला गेलं की समजायचं, पुढच्या शुक्रवारी पोस्टर बदलतंय. माहेरची साडीला तो स्टँडवाला आत येऊन झोपायचा.

शोलेचं वाचून तर डोकंच फिरलं. तुमच्या वाचकानं लिहिलंय की सगळी इंग्रजी आणि जपानी पिक्चरची उचल आहे, त्यात काय एवढं. अहो उचल आहेच, कोण नाही म्हणतंय. पण मग २००७ ला राम गोपाल वर्मानं त्या शोलेचीच उचल करून 'आग' काढला, गब्बरचा बब्बन केला, करणारा कोण तर खुद्द अमिताभ, गोष्ट तयार, माणसं तयार, आणि आमचा सायकल स्टँड पहिल्याच शोला इंटरवलला रिकामा. शोलेचं मोठेपण गोष्टीत असतं तर हा पण चालला असता की.

मी सांगतो कशात आहे ते. शोलेला फिल्मफेअरचं एकच अवॉर्ड मिळालं, एडिटिंगचं, एम. एस. शिंदे यांना. बाकी अमिताभ, अमजद सगळे हात हलवत घरी गेले. आम्ही पण फिल्मची पट्टी तुटली की ब्लेडनं खरवडून, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं सोल्युशन लावून, दाबून जोडणारी माणसं, त्यामुळं जोड कुठं आहे ते आम्हाला आधी दिसतं. ठाकूरच्या घरातला सीन आठवा, झोपाळा कुरकुरतोय, घरची माणसं एकेक करून पडलेली, शेवटी एकटं पोरगं उरतं, गब्बर बंदूक रोखतो आणि तिथंच कट, एकदम आगगाडी. पोरगं पडलेलं दाखवलंच नाही. तरी दर शोला तिथं खालनं आवाज यायचा, स्टॉलमधनं पण आणि बाल्कनीतनं पण. शंभरेक वेळा तरी ऐकला असेल मी. ह्याला उगाच डोक्यावर घेतलेला म्हणायचं?

एकानं तर लिहिलंय की आताचे सगळेच पिक्चर भिकार, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी केलं तेच खरं. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथनं जाताना आम्ही पण हात जोडतो. पण त्यांचा 'सावकारी पाश' मूळचा १९२५ चा मूकपट, त्याची प्रिंटच उरलेली नाही, म्हणजे ह्या गृहस्थांनी तो बघितला कुठं?

डोक्यावर घेतलेल्यात माझं नाव लिहून घ्या, 'मेरा नाम जोकर'. १९७० ला पडला, राज कपूर कर्जात गेला, बॉबीनं वर काढला, आणि मग हळूहळू सगळे म्हणायला लागले की त्या काळी लोकांना कळला नाही. कळला होता हो चांगला! शाळेतला पहिला भाग सोनं आहे, ऋषी कपूर आणि सिमी, त्याला हात लावायचं काम नाही. पुढं सर्कस आली की संपता संपत नाही, चार तासांच्या वर पिक्चर, दोन इंटरवल.

आता एक कबुली देतो, इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय. आमच्याकडं जोकर परत लागला तेव्हा मॅनेजर म्हणाला, रात्रीच्या शोला शेवटची एसटी चुकते, काहीतरी कर. मी पुढच्या भागातलं एक अख्खं रीळ पेटीतच ठेवलं, म्हणजे वीसेक मिनिटं गायब. पाच दिवस कुणाला पत्ता नाही. सहाव्या दिवशी एक सर, हायस्कुलात शिकवायचे, बूथचा जिना चढून वर आले, घामाघूम, आणि दारातनंच ओरडले, "आमचं गाणं कुठं गेलं?" मी पेटी उघडून दाखवलं. काही बोलले नाहीत, रीळ हातात घेऊन नुसतं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मॅटिनीला ते रीळ चढवलं, थेटरात सगळी मिळून चौदा माणसं. सर शेवटपर्यंत बसले.

ते सर आता रिटायर, रोज सकाळी माझ्याबरोबर रंकाळ्याला फिरायला असतात, आणि तांबट कमानीपासनं जोकरवर जे सुरू होतात ते घरापर्यंत. हे पत्र छापून आलं की त्यांचं उत्तर येणारच तुमच्याकडं, लांबलचक असेल. ते मात्र न कापता छापा.

आपला,
एक जुना ऑपरेटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर