तो नेचा नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत खरे जीवाश्म ओळखण्याविषयीचा लेख वाचला. असा विषय घेतलात याबद्दल आभार. पण लेखासोबत ‘नेच्याचा (फर्नचा) जीवाश्म’ म्हणून अर्धे पान व्यापणारे जे छायाचित्र छापले आहे, तो नेचा नव्हे. ते डेंड्राइट आहे. मँगनीज आणि लोह विरघळलेले पाणी दगडाच्या केसाएवढ्या भेगेत शिरते आणि त्यातून ऑक्साइडची काळी नक्षी तिथे साचते. वनस्पतीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, तुमचे छायाचित्रच पुरेसे आहे. नेच्याच्या पानाला मधोमध कणा असतो, दोन्ही बाजूंनी ठरावीक अंतराने पर्णिका फुटतात आणि टोकाकडे त्या क्रमाने लहान होत जातात. छापलेल्या नक्षीत ना कणा, ना अंतराचा मेळ. सगळे फाटे डाव्या कडेच्या एकाच रेषेतून निघाले आहेत. पाणी आत आले ती भेग तीच. खालच्या कोपऱ्यात तर नक्षी थराला छेदणाऱ्या उभ्या भेगेतही उतरली आहे. पान गाळात आडवे पडून थरासोबत दबते, ते उभ्या भेगेत जाणार कसे? आर्किऑप्टेरिक्स या पिसे असलेल्या प्राचीन प्राण्याच्या 1861 मधील शोधामुळे जगाला माहीत झालेल्या जर्मनीतील झोल्नहोफेनच्या चुनखडकातही अशी डेंड्राइटे सर्रास आढळतात. म्हणजे जागा नावाजलेली आहे, एवढ्यावरूनही निर्णय होत नाही.

लेखातली ‘घरगुती चाचणी’ याहून घातक आहे. दगड रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, बुडबुडे आले तर जीवाश्म, असे तुम्ही छापले आहे. बुडबुडे आले म्हणजे दगडात कार्बोनेट आहे, एवढेच कळते. साधा चुनखडक फसफसतो आणि सिलिकाने भरलेले अस्सल अश्मीभूत लाकूड ढिम्म राहते. भूशास्त्रज्ञही 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण ते खडक ओळखण्यासाठी, ताज्या फुटीवर एखादा थेंब. रात्रभर व्हिनेगरमध्ये राहिलेल्या कॅल्साइटच्या, म्हणजे कार्बोनेट खनिजाच्या, शिंपल्यावरचे बारीक कंगोरे झिजतात, आणि ओळख पटवायची ती त्या कंगोऱ्यांवरूनच.

दगड जिभेला चिकटला तर हाड, हा नियमही अर्धवट आहे. सच्छिद्र हाड चिकटते हे खरे, पण सुकलेली चिकणमातीही चिकटते. उलट खनिजांनी पूर्ण भरलेले हाड चिकटत नाही. त्यापेक्षा तुटलेली कड पाहावी. बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार भाग, अशी रचना हाडात दिसते. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांनीही दगड जाळीदार होतो, पण त्यात असा बाहेरचा घट्ट थर आणि हाडाच्या लांबीला समांतर जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या नसतात. यासाठी 10 पटीचे भिंग पुरते. ते डोळ्याजवळ धरून दगड पुढे आणावा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो स्वच्छ दिसतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती अंड्यांबाबत, आणि तुमच्या लेखाने तीत भर घातली आहे. गोल, गुळगुळीत, हातात मावणारा दगड हा बहुतेक वेळा खनिज साचून तयार झालेला गोळा किंवा झिजलेला बेसॉल्ट असतो. अशा बेसॉल्टचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, एकाखाली एक, कमी-जास्त जाडीचे. डायनोसॉरच्या अंड्याला सहसा एकच कवच असते, अनेक प्रकारांत 1 ते 3 मिलिमीटर जाड आणि सगळीकडे जवळपास सारखे. त्याच्या तुटलेल्या कडेवर कॅल्साइटचे बारीक स्तंभ पृष्ठभागाशी काटकोनात, एकमेकांना खेटून उभे दिसतात. वरच्या बाजूला सूक्ष्म उंचवटे आणि श्वसनाची छिद्रे असतात. शिवाय अंडी बहुधा चेपलेली, कवचाचे तुकडे आत पडलेले, अशीच मिळतात. कवच नसेल तर नुसत्या गोल आकारावरून अंडे म्हणण्याला काही अर्थ नाही.

आकारावर विसंबून मोठमोठे फसले आहेत. कॅनडातल्या पट्टेदार दगडांना 1865 मध्ये भूशास्त्रज्ञ जॉन विल्यम डॉसन यांनी प्राचीन जीव मानून ‘इओझून’ हे नाव दिले. ते पट्टे उष्णतेने आणि दाबाने बनलेल्या खनिजांचे निघाले.

आणखी एक. तुमच्या पुरवणीत दगडांच्या छायाचित्रांत मोजपट्टी कधीच नसते. दाखवलेली वस्तू नखाएवढी की ताटाएवढी, हे वाचकाने कसे ठरवायचे? त्यातच ‘सापडलेला दगड घरी आणून स्वच्छ करा’ असा सल्लाही आहे. तो कोणत्या थरात, कसा पडला होता ही माहिती उचलताक्षणी नष्ट होते. आधी जागेवरच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, थर आणि ठिकाण टिपून ठेवावे. तारेचा ब्रश आणि वार्निश तर दूरच ठेवावे.

दुरुस्ती छापणार असाल तर ती त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या छायाचित्रासह छापावी. व्हिनेगरची सूचना मात्र पुढच्या रविवारची वाट न पाहता उद्याच मागे घ्यावी.

आपली,
भूशास्त्राची एक अध्यापिका