बाबा, रात्रीची भाकर घड्याळाला विचारून खाऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तोवर प्रफुलने तुमच्या दोघांच्या मनगटावरच्या घड्याळांतला कॅलरीचा, म्हणजे दिवसभरात शरीराने किती जाळलं त्याचा, आकडा दिसेनासा केलेला असेल. मीच त्याला तसं सांगितलं आहे. बाबा, त्याच्यावर रागावू नका, पोरगं माझ्या शब्दाखातर वावरातून लवकर येणार आहे. पावलं, ठोके, झोप सगळं तसंच राहील. पानठेल्यावर मंडळींना दाखवायचं ते सगळं दाखवता येईल. फक्त तो एक आकडा नाही.

तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण फोनवर तुम्ही "हो बेटा, हो" म्हणून पावसापाण्याकडे वळता. आणि तुम्ही जवळ असलात की आई काही बोलत नाही. परवा ती गोठ्याकडे जाऊन हळूच बोलली. आकडा दोन हजारांवर गेला नाही त्या दिवशी तुम्ही भाकर बाजूला सारता आणि ताकावर निजता. "जळलंच नाही तं टाकू कायले?" असं म्हणता म्हणे. बाबा, हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. साखरेची ती गोळी तुम्ही जेवणार हे धरूनच दिलेली आहे. पोट रिकामं असलं तरी ती आपलं काम करतच राहते, रक्तातली साखर खाली नेत राहते. रात्री झोपेत साखर उतरली तर शेजारी निजलेल्या आईला कळायचंसुद्धा नाही. मावशीकडे काय झालं ते आपण तिघांनी पाहिलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

हा आकडा येतो कुठून, ते सांगते. फिजिओथेरपीच्या कामात अशी घड्याळं घातलेली माणसं माझ्यासमोर रोज असतात, म्हणून हे नीट वाचून काढलं आहे. मनगटावरचं यंत्र कॅलरी मोजत नाही. त्यासाठी ते मुख्यतः दोनच गोष्टी पाहतं. खालचा हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या उजेडाच्या कमीजास्तीवरून ठोके धरले जातात. दुसरं, हात किती आणि कसा हलला. बाकी सगळं वय, वजन, उंची आणि बाई की पुरुष यावरून बांधलेलं गणित. धुऱ्यावर उभं राहून यंदा किती क्विंटल कापूस होईल ते सांगावं, तसा तो अंदाज आहे. अनुभवी माणसाचा अंदाज जवळपास जातो, पण त्यावर कोणी सावकाराला पावती लिहून देत नाही.

प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असतं आणि ते त्या पूर्ण उघड करत नाहीत. पण नुसतं पडून राहिलं तरी शरीर किती जाळतं, याची जगभर वापरली जाणारी सूत्रं आहेत. 1990 सालचं एक सूत्र असं : वजनाची दहापट, त्यात उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा. मग पुरुषासाठी 5 मिळवायचे आणि बाईसाठी 161 वजा करायचे. बाबांचं 62 किलो, 165 सेंटिमीटर आणि 64 वर्षं धरली तर 1336 येतात. आईचं 48 किलो, 150 सेंटिमीटर, 58 वर्षं, म्हणजे 967. दोघं अजून खाटेवरून उठलेलीही नाहीत आणि बाबा पावणेचारशेच्या आसपास पुढे! आई, तुझा आकडा कमी दिसतो तो एवढ्यासाठी. तू कामात कमी पडतेस म्हणून नाही. बाबा, "तुयापेक्षा मी जास्त राबलो" असं गमतीतही म्हणू नका. ती मनाला लावून घेते आणि मला सांगते, तुम्हाला नाही.

आईची खरी मेहनत तर त्या घड्याळाला दिसतच नाही. दिवसभर उकिडवं बसून निंदण करायचं, त्यात पावलं कुठली? घड्याळ डाव्या हातात, खुरपं उजव्या. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन हात वर धरला की मनगट हलत नाही, पावलं सुटतात. आणि डोक्यावर पंधरा किलोचं ओझं आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही. बाबांचंही तेच. डवऱ्याची मूठ धरून चालताना पावलं कमी लागतात, आणि बंडीत बसून कच्च्या रस्त्याने हादरे खाल्ले की फुकटची लागू शकतात. त्यात बाबांची प्रेशरची गोळी ठोके मुद्दाम संथ ठेवणारी आहे. काम जड असलं तरी ठोके फार चढत नाहीत, आणि घड्याळ समजतं की काम हलकंच होतं. उलट उन्हाच्या तलखीत बसल्या जागी ठोके वाढतात, तेव्हा ते मेहनत समजतं. तुमचे दोन हजार का होत नाहीत, ते आता लक्षात आलं ना?

2017 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात घड्याळं 60 माणसांच्या हातावर बांधून तपासली. माणसं यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालली-धावली, जागच्या सायकलीवर बसली, आणि खरा खर्च त्यांच्या श्वासातल्या वायूंवरून मोजला. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा घड्याळं चांगली निघाली, पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं होतं तेही सरासरी 27 टक्के चुकलं, आणि सगळ्यांत वाईट 93 टक्के. दोन हजारांचे 27 टक्के म्हणजे 540. जवळजवळ दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ झालं ते, बाबा. तुमचं रात्रीचं जेवणच की!

आई, आता तुझं. रात्री भांडी घासून झाल्यावर अंगणात फेऱ्या मारून दहा हजार पुरे करणं बंद कर. तो दहाचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या 16 हजारांहून जास्त वयस्क बायकांचा एक अभ्यास आला. त्यात साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. आणि तू तर दिवसभर मातीत असतेस गं. त्या वेळेत पाय पसरून बस. मी लहान असताना वावरात निंबाच्या फांदीला झोळी बांधून मला निजवायचीस आणि पिकाच्या ओळीच्या टोकाशी आलीस की एकदा झोका देऊन जायचीस, ते तू सांगितलेलं मला अजून आठवतं. तेव्हा कुणी तुझी पावलं मोजली नव्हती. बाबा, विहिरीच्या त्या वर्षी तुम्ही स्वतः अर्धपोटी राहून माझ्या ताटात दूध-भाकर कुस्करलीत. आता तसं करायची काही गरज नाही, घरात सगळं आहे.

पोळ्याला येता आलं नाही, याची बोच आहे. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, म्हणून जास्तच. माझी काळजी करू नका. खोलीत ऊन येतं, जवळच्या गिरणीत ज्वारी दळून मिळते, आईने दिलेलं तिखट अजून पुरतंय. तुमचं सिलिंडर नोंदवलं आहे. दोन मऊ कापडी पट्टे पाठवते आहे, रबराने आईच्या मनगटाला घाम धरतो.

आता सांगते तसं कराल. बाबा, रात्री दोन भाकरी, वरण आणि भाजी, गोळीच्या वेळेला धरून. हातपाय कापले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखरपाणी, मग जेवण, मग मला फोन, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. उशाशी साखरेची डबी ठेवाल. आई, घड्याळ बांगड्यांच्या वर, हाडापासून दोन बोटं मागे बांध, सैल असलं की ठोके चुकतात. घड्याळ काढून फेकू नका. सकाळी उठल्या उठल्या किती ठोके आहेत ते वहीत लिहा. रोजच्यापेक्षा बरेच वेगळे दिसायला लागले तर ते डॉक्टरांना दाखवण्याजोगं आहे.

सोमवारी प्रफुल तुम्हा दोघांना आरोग्य उपकेंद्रात नेईल. साखर तपासून घ्याल, आणि वजनही काट्यावर करून घ्याल. घड्याळात त्याने ते अदमासाने टाकलं होतं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्याल, नुसतं "ती पांढरी गोळी" म्हणून सांगू नका.

तुमची,
छकुली

ता. क. : बाबा, फवारणी मजुराकडून करून घ्याल. पैसे प्रफुलकडे पाठवले आहेत.